व्हिडिओवरून तबला शिकताना काय पोहोचते आणि काय वाटेत राहते

तबल्याच्या पहिल्या धड्यात ‘ना’ हे अक्षर येते. उजव्या हाताची अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेवर अलगद टेकवायची, करंगळी तिच्या सोबतीला ठेवायची आणि तर्जनीने चाटेवर, म्हणजे काठाच्या पट्टीवर, आघात करून ते बोट तत्काळ उचलायचे, एवढीच ही कृती आहे. व्हिडिओमध्ये ती दीड-दोन मिनिटांत दाखवून होते आणि पाहणाऱ्याला ती पूर्ण समजतेही. मात्र तीच व्यक्ती घरी तबल्यासमोर बसते तेव्हा पुष्कळदा पाटावर पेन्सिल आपटावी तसा कोरडा ‘टक्’ निघतो, आणि पाहिलेले सगळे जसेच्या तसे करूनही व्हिडिओतला तो गोल, सुरात बोलणारा ‘ना’ काही केल्या निघत नाही. व्हिडिओवरून वाद्य शिकणे आणि गुरूसमोर बसून शिकणे यांतला फरक नेमका कोठे आहे, हे पाहायचे असेल तर या एका अक्षरापासून सुरुवात करणे बरे. तबलाच निवडण्याचे कारण असे की मी तो दोन्ही मार्गांनी शिकले आहे, आणि भजनी मंडळांपासून शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत तो आपल्याकडे इतका रुजलेला आहे की उदाहरणे समजायला सोपी जातील.

‘ना’ का निघत नाही, याचे उत्तर पुडीच्या हालचालीत आहे. आघात होताच चामड्याची पुडी एकाच प्रकारे हलत नाही. ती एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. एका प्रकारात संपूर्ण पुडी एकत्र वरखाली होते, दुसऱ्यात तिचा अर्धा भाग वर असताना उरलेला अर्धा खाली असतो, आणि पुढच्या प्रकारांत ती आणखी लहान भागांत विभागली जाते. सर्वत्र सारख्या जाडीच्या पुडीत या कंपनांच्या वारंवारता एकमेकींच्या पूर्ण पटीत नसतात; मूळ कंपन १ धरले तर पुढचे १.५९ आणि त्यापुढचे २.१४ असे येते, आणि म्हणून अशा पुडीच्या आवाजात निश्चित सूर सापडत नाही. तबल्याच्या पुडीवर मात्र शाईचे थर चढवलेले असतात, आणि त्या वजनामुळे ही कंपने १, २, ३, ४, ५ अशा जवळजवळ पूर्ण पटींत येऊन बसतात. चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये हा गुणधर्म शास्त्रीय पद्धतीने मांडला. तबला तानपुऱ्याच्या षड्जाला मिळवता येतो तो याच कारणाने.

आता त्या टेकवलेल्या अनामिकेकडे पाहू. संपूर्ण पुडी एकत्र वरखाली होण्याच्या प्रकारात बोटाखालची जागाही हलणे आवश्यक असते; बोट तेथे टेकलेले असल्यामुळे तो मूळ प्रकार दबतो. ज्या प्रकारात पुडीचे दोन अर्धे भाग आलटून पालटून हलतात, त्यात मधली रेषा मुळातच स्थिर असते, आणि बोट त्या रेषेवर असेल तर ते कंपन मोकळे राहते. आपल्याला ऐकू येणारा ‘ना’चा सूर म्हणजे या मोकळ्या राहिलेल्या कंपनांचा सूर होय. अनामिका येथे चाळणीचे काम करते. ती जड पडली तर सगळीच कंपने मरतात आणि ‘टक्’ निघतो; ती पुरेशी टेकली नाही तर मूळ कंपनही मिसळते आणि आवाज पोकळ होतो. या दोहोंमधला योग्य भार म्हणजे बोटाच्या स्वतःच्या वजनाहून किंचितच अधिक. बोट कोठे आहे हे कॅमेरा स्पष्ट दाखवतो, परंतु ते किती भाराने टेकले आहे हे दाखवू शकत नाही, कारण त्या भाराने ना पुडीवर खळगा पडतो, ना बोटाचा आकार बदलतो.

मी लहानपणी दोन वर्षे एका वर्गात तबला शिकले, एक परीक्षाही दिली आणि पुढे शाळेच्या अभ्यासात ते मागे पडले. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा तबला उघडला, तो व्हिडिओंच्या भरवशावर. आठ महिने नेमाने रियाज केला. बोल पाठ झाले, ठेके बसले, दोन-तीन कायदे, म्हणजे ठरावीक बोलांच्या रचना, हातात आले, आणि तरीही आपल्या आवाजात काहीतरी उणे आहे ही बोच राहिली. शेवटी एका वयस्कर गुरुजींकडे गेले. त्यांनी अर्धा मिनिट ऐकले, आणि ऐकताना त्यांची नजर माझ्या हातावर नव्हती, खिडकीबाहेर होती. मग ते पुढे सरकले, स्वतःची तर्जनी माझ्या अनामिकेखाली सरकवली आणि म्हणाले, “अगं, हे बोट ठेवायचं आहे, दाबायचं नाही. आता माझ्या बोटावर किती भार येतोय बघ. हा निम्मा कर.” मी तो निम्मा केला. त्यांनी आपले बोट काढून घेतले आणि पुढच्या आघाताला तबला बोलला. आठ महिन्यांत जे साधले नव्हते ते चार मिनिटांत साधले. त्या चार मिनिटांत मला नवीन माहिती अशी काहीच मिळाली नव्हती. ‘बोट हलके ठेवा’ हे वाक्य प्रत्येक व्हिडिओत होतेच. हलके म्हणजे किती हलके, हे मला त्या बोटाच्या स्पर्शातून कळले.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती खोड मला लहानपणच्या वर्गात लागली होती, म्हणजे समोरासमोरच्या शिक्षणात. तेथे बारा-पंधरा मुले एकदम वाजवीत असत आणि त्या गलबल्यात माझा कोरडा ‘ना’ कोणाच्याही कानावर वेगळा पडत नव्हता. तासाभराच्या वर्गात बारा विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. त्यांतून उशिरा येणारे आणि वहीत बोल उतरवून घेणे वजा केले की दोन-तीन मिनिटेही उरत नाहीत. म्हणून ‘पडद्यावरचे शिक्षण की समोरचे शिक्षण’ ही विभागणी मला अपुरी वाटते. शिकणाऱ्याचे वाजवणे कोणी जाणता कान वेगळे काढून ऐकतो आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. व्हिडिओमध्ये तो कान नसतोच. गर्दीच्या वर्गात तो असूनही पोहोचत नाही. शिकणाऱ्याचा स्वतःचा कान येथे फारसा कामाला येत नाही, कारण रोज तोच आवाज ऐकून तो त्याला सरावतो आणि चूक हाच आपला सूर वाटू लागतो.

पडदा स्वतःहून आणखी काही गोष्टी गाळतो, आणि त्या गाळल्या जात आहेत हे पाहणाऱ्याला कळत नाही. पहिली गोष्ट गतीची. मोबाइलवरील साधारण व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रे असतात, म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ३३ मिलिसेकंद जातात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एका मात्रेत चार अक्षरे वाजवली तर प्रत्येक अक्षराला साडेबासष्ट मिलिसेकंद मिळतात. त्या अक्षरात बोट उचलले जाते, खाली येते, आघात करते आणि परत फिरते, आणि या सगळ्यासाठी व्हिडिओकडे जेमतेम दोन चित्रे असतात, तीही बहुधा धूसर. ‘तिरकिट’चे चार आघात कोणत्या बोटांनी झाले हे अशा व्हिडिओत पाहणे म्हणजे धावत्या गाडीतून स्टेशनाची पाटी वाचण्यासारखे आहे. अनेकांना वाटते की व्हिडिओ निम्म्या गतीने चालवला की हे दिसेल. तसे होत नाही. गती कमी केल्याने तीच दोन चित्रे अधिक वेळ दिसतात, मधली हालचाल मुळात टिपलीच गेलेली नसते. त्यामुळे ज्या व्हिडिओत वादक स्वतः संथ लयीत वाजवून दाखवतो, तोच शिकण्यासाठी खरा उपयोगाचा असतो.

दुसरी गोष्ट डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताने वाजवायच्या जोडीदाराची, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. डग्ग्याचा मूळ नाद खर्जातला, साधारणपणे १०० हर्ट्झच्या आसपासचा असतो. मोबाइलचा इवलासा स्पीकर इतका खालचा आवाज निर्माणच करू शकत नाही. वरच्या कंपनांवरून कान काही प्रमाणात तो भरून काढतो, तरीही घुमारा जातो, आणि मनगटाच्या दाबाने ‘घे’ वर चढवण्याची जी मींड असते ती तर जवळजवळ नाहीशी होते. आता त्रितालाचा ठेका आठवून पाहा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. ‘ना’ आणि ‘घे’ एकदम वाजले की ‘धा’ होतो, ‘तिं’ आणि ‘घे’ एकदम वाजले की ‘धिं’ होतो. डग्गा काढून घेतला की ‘धा’चा ‘ता’ होतो आणि ‘धिं’चा ‘तिं’. सोळा मात्रांपैकी नववी मात्रा कालाची, म्हणजे खालीची. तिच्या पुढच्या बोलांतून डग्गा बाजूला होतो आणि तेराव्या मात्रेनंतर परत येतो, म्हणूनच ऐकणाऱ्याला आपण आवर्तनात कोठे आहोत हे न मोजता कळते. खाली आणि भरी यांतला हा भेद संपूर्णपणे डग्ग्यावर उभा आहे. मोबाइलच्या स्पीकरवर शिकणाऱ्याच्या कानाला सोळाच्या सोळा मात्रा जवळपास एकसारख्या ऐकू येतात. तो मात्रा बोटांवर मोजतो, पण ताल त्याच्या अंगात उतरत नाही, आणि डावा हात त्याला दुय्यम वाटू लागतो. यावर उपाय अगदी साधा आहे: वायरचे चांगले हेडफोन किंवा मोठा स्पीकर. व्हिडिओवरून शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिला खर्च यावर करावा असे मी आग्रहाने सांगेन.

तिसरी गोष्ट लयीची, आणि ती प्रत्यक्ष ऑनलाइन शिकवणीला लागू होते, जेथे गुरू आणि शिष्य आपापल्या घरून एकमेकांना पाहत असतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे, म्हणजे एक मीटर अंतराला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. गुरुजी दोन मीटरवर बसले असतील तर त्यांचा आघात सहा मिलिसेकंदांत आपल्याला ऐकू येतो, जो विलंब कानाला जाणवतही नाही. दोघांमधला विलंब पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे गेला की एकत्र वाजवणे अवघड होऊ लागते, कारण प्रत्येक जण दुसऱ्यासाठी नकळत थांबतो आणि लय ओढली जाते. व्हिडिओ कॉलमध्ये एका बाजूचा विलंबच बहुधा शंभर ते दोनशे मिलिसेकंद असतो.

याचा परिणाम हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. लय मिनिटाला १२० मात्रांची आहे, म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. जाताना दीडशे आणि येताना दीडशे मिलिसेकंद विलंब धरू. गुरुजींनी ठेका धरला. शिष्याला तो दीडशे मिलिसेकंदांनी ऐकू आला. त्याने ऐकलेल्या ठेक्याबरोबर अगदी अचूक कायदा वाजवला. आणि त्याचे वाजवणे गुरुजींपर्यंत आणखी दीडशे मिलिसेकंदांनी पोहोचले. शिष्य केसभरही चुकलेला नाही, तरी गुरुजींना तो अर्ध्याहून अधिक मात्रा मागे ऐकू येतो आहे. अशा स्थितीत ‘लय सुटते आहे’ असे ते सांगणार कसे? तंत्रज्ञान सुधारले की हे सगळे जाईल असेही म्हणता येत नाही. काचेच्या तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अगदी सरळ रेषेत तार टाकली तरी एका बाजूला सदुसष्ट मिलिसेकंद लागणारच. अमेरिकेतल्या मराठी घरांतील कितीतरी मुले आज येथल्या गुरूंकडून याच मार्गाने शिकत आहेत, आणि त्यांच्या शिकवणीत गुरू-शिष्यांनी एकत्र वाजवणे हा भाग या कारणाने जवळपास गळून पडतो. गुरू वाजवतो, थांबतो. शिष्य वाजवतो, थांबतो.

या अडचणीवर एक तोड आहे आणि ती पुष्कळांना माहीत नसते. लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून, गुरूच्या बाजूला न लावता शिष्याच्या खोलीत लावावा. मग लेहरा आणि शिष्याचा तबला दोन्ही एकाच मायक्रोफोनमधून, सारख्याच विलंबाने गुरूपर्यंत जातात. उशिरा पोहोचले तरी एकमेकांशी त्यांचे नाते बिघडत नाही, आणि शिष्य समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर आला की नाही हे गुरूला नेमके कळते. मात्र येथे आणखी एक अडसर येतो. कॉलची सोय मुळात बोलण्यासाठी केलेली असते. मागचा पंखा किंवा रस्त्यावरचा आवाज गाळण्यासाठी ती सतत वाजणारा आवाज ओळखून दाबते, आणि तिच्या लेखी तानपुरा, लेहरा आणि डग्ग्याची आस, म्हणजे आघातानंतर लांबणारा नाद, हे सगळे गोंगाटातच जमा होते. झूमसारख्या सेवेत मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय आहे. ती सुरू केल्याशिवाय वाद्याची शिकवणी करूच नये. ब्लूटूथचे हेडफोनही स्वतःचा विलंब वाढवतात, तेव्हा तेही टाळलेले बरे.

इतके सगळे गळत असेल तर व्हिडिओवरून शिकण्यात अर्थ तरी काय, असे वाटणे साहजिक आहे. पण तो अर्थ मोठा आहे. तबला ही जितकी हाताची विद्या आहे तितकीच तोंडाचीही आहे. आपल्याकडे बोल आधी म्हणायचा आणि मग वाजवायचा अशी रीत आहे, तिला पढंत म्हणतात, आणि पढंत पडद्यावरून जवळजवळ काहीही न गमावता शिकता येते. ‘धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना’ हा नवशिक्यांना दिला जाणारा कायदा घेऊ. त्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याचीच प्रतिकृती आहे, फक्त आरंभीचा डग्गा काढून घेतलेला आणि शेवटच्या ‘तिंना’त तो घालून ‘धिंना’ केलेला आहे. कायद्यातले बोल तेच ठेवून त्यांची मांडणी बदलत पलटे करायचे, आणि शेवटी तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर यायचे. ही रचना, हे नियम, कोणता पलटा शुद्ध आणि कोणता कायद्याबाहेर गेलेला, हे सारे एखादा विचारी शिक्षक व्हिडिओत अतिशय उत्तम समजावू शकतो, आणि न समजलेला भाग दहा वेळा मागे नेऊन ऐकता येतो. समोर बसलेल्या गुरूला एखादी गोष्ट चौथ्यांदा विचारायला शिष्य बिचकतो. वयाने मोठे शिकणारे तर दुसऱ्यांदाही विचारत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगते.

कॅमेऱ्याचा आणखी एक लाभ आहे. वर्गात गुरू समोर बसतात, त्यामुळे त्यांचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो आणि बोटे अर्धी झाकलेली असतात. डोक्यावर लावलेल्या कॅमेऱ्यातून दोन्ही पुड्या वरून दिसतात, अगदी आपण स्वतःच्या हातांकडे पाहतो तशा. हाताची ठेवण, शाईवरची जागा, थापेच्या वेळी पंजा कसा पडतो, हे तेथून जितके स्वच्छ दिसते तितके समोरून कधीच दिसत नाही. आणि ऐकण्याची गोष्ट तर वेगळीच आहे. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वर्षानुवर्षे साथ करणाऱ्या उस्ताद अहमदजान थिरकवांचे वादन ऐकायचे तर एके काळी नाट्यगृह, मैफल किंवा रेडिओची वेळ गाठावी लागे. आज एखाद्या खेड्यातली मुलगी रात्री दहा वाजता अभ्यास आटोपून त्यांचे ध्वनिमुद्रण लावू शकते. ऐकलेले जितके चांगले तितका हाताचा कान चांगला, आणि या बाबतीत आजच्या शिकणाऱ्याइतका भाग्यवान पूर्वी कोणी नव्हता.

‘वर्ग’ ही पद्धतदेखील एके काळी नवीच होती, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याआधी विद्या प्रामुख्याने गुरूच्या घरी राहून, सेवा करून मिळत असे, आणि ज्याला तो प्रवेश नाही त्याला ती मिळत नसे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ठरावीक वेळ, ठरावीक अभ्यासक्रम आणि स्वरलिपी आणली, आणि संगीताचे दार सामान्य घरांतील मुलांसाठी, पुढे मुलींसाठीही, उघडले. पुढे १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतच्या परीक्षा आज तालुक्याच्या गावांतूनही दिल्या जातात. त्या व्यवस्थेत गुरूचा सहवास कमी झाला आणि शिकणाऱ्यांची संख्या वाढली. व्हिडिओने हाच व्यवहार आणखी पुढे नेला आहे. ज्या गावात तबल्याचा शिक्षकच नाही तेथल्या मुलाला ‘गुरूशिवाय विद्या नाही’ असे ऐकवणे मला क्रूरपणाचे वाटते. त्याला व्हिडिओतून काय घ्यावे आणि कशासाठी वर्षातून चार वेळा तरी शहर गाठावे, हे सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

व्हिडिओंच्या मुबलकतेतून एक गोंधळ मात्र हमखास उद्भवतो, आणि तो घराण्यांचा. दिल्लीचा बाज, म्हणजे वादनाची शैली, चाटेवर आणि दोन बोटांच्या नाजूक कामावर उभा आहे. लखनौ, फरुखाबाद, बनारस या पूरबच्या बाजांत लवेवरचे, म्हणजे चाट आणि शाई यांच्यामधल्या भागावरचे, खुले बोल आणि पंजाचे काम अधिक आहे. अजराडा आणि पंजाब यांची तऱ्हा आणखी निराळी. तेच अक्षर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या बोटांनी निघते. ‘तिट’मधला ‘ति’ एका शिक्षकाकडे फक्त मधल्या बोटाने, तर दुसऱ्याकडे मधले बोट आणि अनामिका जोडून. दोन्ही बरोबर आहेत, पण आपापल्या घरात. सोमवारी एकाचा आणि गुरुवारी दुसऱ्याचा व्हिडिओ पाहणाऱ्या नवशिक्याच्या हातात दोन्ही अर्धवट बसतात, आणि लय वाढली की बोटे एकमेकांत अडकतात. पहिली दोन वर्षे एकाच शिक्षकाचे, सलग क्रमाने लावलेले धडे पाहावेत आणि बाकीच्यांचे फक्त वादन ऐकावे, धडे घेऊ नयेत.

पडदा आणि वर्ग यांच्या चर्चेत आपल्याकडचा तिसरा मार्ग मात्र विसरला जातो, आणि तो म्हणजे भजनी मंडळ. कोकणात, गोव्यात, देशावरच्या हरिनाम सप्ताहांत कितीतरी तबलजी आणि पखवाजी कोणत्याही वर्गात न जाता तयार झाले. मुलगा आधी टाळ धरतो. वर्षभर तो फक्त टाळ वाजवतो आणि लय त्याच्या मांडीत, मनगटात, श्वासात भिनते. मग केव्हातरी वाजवणारे काका पाणी प्यायला उठतात आणि म्हणतात, “ये रे, बस जरा, ठेका सोडू नको.” तेथे कोणी निकास, म्हणजे बोल काढण्याची रीत, शिकवत नाही, म्हणून त्यांतल्या अनेकांची बोटे शास्त्रशुद्ध नसतात. पण गवई कोठे थांबणार, कडवे केव्हा उचलणार, लय केव्हा चढवायची, हे त्यांना जसे कळते तसे विशारद झालेल्यांनाही कधी कधी कळत नाही. साथ म्हणजे दुसऱ्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवणे, आणि त्यासाठी समोर श्वास घेणारा माणूस लागतो. व्हिडिओतला लेहरा तुमच्यासाठी कधी थांबत नाही आणि तुमच्या चुकीने कधी डळमळतही नाही, म्हणून त्याच्यासोबत कितीही वर्षे वाजवले तरी साथ करता येत नाही.

तबला सुरात मिळवणे हेही समोर बसूनच शिकण्याचे काम आहे. गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, हातोडीचा घाव कोठे आणि किती जोराने द्यायचा, एक घर चढवले की समोरचे घर का उतरल्यासारखे लागते, पावसाळ्यात चामडे ओलावा घेऊन ढिले पडते तेव्हा वादीखालचे लाकडी गट्टे किती सरकवायचे, या गोष्टी सांगून कळत नाहीत आणि चुकीच्या घावाने पुडी फाटली तर भुर्दंड पडतो. एखाद्या शनिवारी तबला दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात तासभर बसून पाहिले तरी पुष्कळ कळते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मला विचारले तर मी असे सांगेन की पहिले चार-सहा महिने कसेही करून कोणासमोर तरी बसावे, मग तो मोठा कलावंत असण्याची गरज नाही. शेजारच्या गावातला जाणता भजनी तबलजीही चालेल, फक्त तो एकट्याला ऐकणारा असावा. बैठक, हाताची ठेवण आणि ‘ना’, ‘तिं’, ‘तिट’, ‘घे’ हे मोजके बोल या काळात पक्के झाले की पुढचा बराच अभ्यास, म्हणजे पढंत, कायद्यांची रचना आणि थोरांचे वादन ऐकणे, व्हिडिओवर निर्धास्तपणे सोपवता येतो. पैसे थोडे असतील तर दर आठवड्याच्या गर्दीच्या वर्गापेक्षा महिन्यातून एकदा एकट्याने घेतलेला अर्धा तास अधिक देऊन जातो. मुलाला वर्गात घालण्याआधी पालकांनी शुल्क आणि परीक्षेचा निकाल यांच्या आधी एकच गोष्ट विचारावी: माझे मूल आठवड्यातून किती मिनिटे एकटे वाजवील आणि तुम्ही ते ऐकाल?

ज्यांना समोर बसणे शक्यच नाही त्यांनी आपले मुद्रण करून जाणकाराकडे पाठवत राहावे. मोबाइल तबल्याच्या अगदी जवळ ठेवला तर आवाज फाटतो, म्हणून तो हातभर अंतरावर, उजव्या बाजूला, पुडीच्या थोड्या वरच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे अनामिका झाकली जाणार नाही. लेहरा दुसऱ्या उपकरणावर त्याच खोलीत लावावा. मध्ये न थांबता, न कापता, विलंबित लयीत त्रितालाचा ठेका दोन मिनिटे वाजवावा आणि त्यानंतर एकटा ‘ना’ वीस वेळा, प्रत्येक आघाताचा नाद पूर्ण विरेपर्यंत थांबून. चुकलेले मुद्रण पुसून दहाव्या वेळचे चांगले पाठवण्याचा मोह होतो. पाठवायचे ते पहिलेच.